वीस गुणांचं मोठं उत्तर

१२ जानेवारी

लाडक्या खारुताईस,

आजीकडून गालावर एक पापा, तोही उजव्या, कारण डाव्या गालावर तुला गुदगुल्या होतात.

तू म्हणशील, आजीचं अक्षर एकदम रेषेत कसं आलं. आलं, कारण मी शाळेत जाते. आधी खाली बस आणि मग पुढचं वाच.

आमच्या पाळणाघराला वरून नवा नियम आलाय. जिच्या एकटीच्या ताब्यात खोली असेल ती बाई निदान आठवी पास हवी. मी चौथीतून उठले ती उठलेच. पाठीवर भावंडं, आई कामावर, मग त्यांना कोण सांभाळणार? म्हणजे बघ, सहज म्हणून सुरू केलेलं काम तेच आजतागायत करतेय. तान्ह्या बाळांची खोली इतकी वर्षं माझ्याकडे आहे. कुठलं बाळ कशानं रडतं हे मला भिंतीपलीकडून कळतं. पण तसा दाखला कुणी देत नाही.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधतात त्या, मला म्हणाल्या, "मावशी, माझ्या हातात असतं तर आत्ताच पास केलं असतं. पण जूनअखेर तपासणी आहे. तोवर दाखला नसला तर तुम्हाला धुण्याच्या खोलीत पाठवावं लागेल." काम वाईट नाही गं. पण तिथे बाळं नसतात, बाळांनी केलेलं तेवढं असतं.

म्हणून मी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. मेमध्ये आठवीची परीक्षा बाहेरून देता येते. वर्ग भरतो लहान मुलांच्याच शाळेत, त्यामुळे बाकं इवलीशी. माझे गुडघे बाकाखाली जातच नाहीत, मी तिरकी बसते. शेजारी एक बेकरीवाला बसतो. तो पहाटे भट्टी लावतो आणि संध्याकाळी वर्गात झोपतो. मास्तर तुझ्या वयाचे, काडीसारखे. त्यांना बघून पहिल्यांदा मनात आलं की याला कुणी खायला घालतं की नाही.

गणित मला जमतंय. बाळांच्या बाटल्या मापून मापून अपूर्णांक हातात बसलेत. घोडं अडलंय भाषेच्या पेपरात. त्यात एक मोठं उत्तर असतं, वीस गुणांचं, दीड पान. ते बुडालं तर मी बुडाले. मागच्या आठवड्यात चाचणी झाली. प्रश्न होता, गावाला वाचनालय का हवे. मी लिहिलं की वाचनालयातला पंखा चांगला आहे. पंख्यावरून तुझे आजोबा आठवले, त्यांनी एकदा घरचा पंखा उलटा बसवला होता आणि सगळी धूळ छताला चिकटली होती, मग शेजारीण काय म्हणाली, मग तिची मुलगी. दीड पान तिथेच भरलं. मास्तरांनी खाली लाल शाईनं लिहिलं, "आजोबा आवडले. वाचनालय कुठे आहे?" वीसपैकी तीन.

तू शाळेत शिकवतेस, पेपरांचे गठ्ठे तपासतेस. मला सांग, तपासणाऱ्याला नक्की हवं तरी काय असतं? आणि बाबाला यातलं काही कळू देऊ नकोस. त्याला वाटतं मी संध्याकाळी गुडघ्यांसाठी फिरायला जाते. कळलं तर म्हणेल, "आई, पुष्कळ झालं काम, आता आरामात घरी बस." घरी बसून मी काय करू, घड्याळाकडे बघू?

खोकल्याचं औषध घेतेस का? बाटली खिडकीत ठेवून खोकला जात नसतो.

तुझी आजी (इयत्ता आठवी)

*

२० जानेवारी

प्रिय आजी, इयत्ता आठवी,

मी आधी उभी राहून वाचलं, मग बसले, मग पुन्हा उभी राहिले. शिक्षकांच्या खोलीत सगळे विचारत होते काय झालं. म्हटलं, माझ्या आजीला वीसपैकी तीन पडले. त्यांना कळेना की मी हसतेय का.

आता कामाचं. आजी, तपासणारा माणूस दमलेला असतो. त्याच्यापुढे गठ्ठा असतो आणि सगळ्या उत्तरांची सुरुवात सारखी असते. त्याला तीन गोष्टी हव्या असतात. तुझं उत्तर काय, ते का, आणि कशावरून. पहिल्या दोन ओळींत उत्तर सांगून टाक. मग एकेक कारण घे, त्याला एकेक उदाहरण जोड. शेवटी गोळाबेरीज कर आणि थांब. थांबणं तुला सगळ्यात जड जाणार आहे.

आणि आजोबा उत्तरात येता कामा नयेत. कितीही आग्रह करोत.

सोबत एक नमुन्याचं उत्तर पाठवतेय, "पाणी जपून का वापरावे". मी माझ्या वर्गालाही हेच देते. हे पाठ कर, म्हणजे साचा डोक्यात बसेल.

बाबांना सांगणार नाही. पण तुला खोटं बोलता येत नाही हे लक्षात ठेव. बोलताना तू पदर नाहीतर पिशवीचा बंद पिळत बसतेस.

खोकला बरा आहे. बाटली आता टेबलावर आहे.

तुझी खारू

*

१० फेब्रुवारी

लाडक्या मास्तरीणबाईंस,

उजव्या गालावर पापा, डाव्यावर फुंकर.

तुझं पाण्याचं उत्तर मला पाठ झालं. मी ते पाळणे हलवताना म्हणते. "पाणी ही निसर्गाने मानवाला दिलेली अमूल्य देणगी आहे" म्हटलं की आमचा भोंगा गप्प होतो. भोंगा म्हणजे खिडकीजवळच्या पाळण्यातलं बाळ, त्याचा आवाज पार रस्त्यावर जातो. "म्हणूनच आपण सर्वांनी" आलं की तो झोपलेला असतो. उत्तरात काही दम असो नसो, झोप चांगली लागते.

एक शंका आहे. शेवटी पुन्हा तेच का लिहायचं जे आधी लिहिलं? आमच्याकडे एखादी बाई तेच तेच बोलायला लागली की आम्ही तिला पाणी देतो.

तू सांगितलंस म्हणून मी त्याच साच्यात एक उत्तर लिहून पाठवतेय, "व्यायामाचे महत्त्व". व्यायाम ही मानवाला मिळालेली अमूल्य देणगी आहे, असं सुरू केलंय. वाचून मलाच वाटलं की ही कोण बाई, हिला मी ओळखत नाही. पण तुझे आजोबा कुठेही नाहीत, नीट तपासून बघ.

बेकरीवाला विचारतो की तुझी नात आणखी कुणाला शिकवते का. मी म्हटलं, आधी जागा तर राहा.

आजी

*

२२ फेब्रुवारी

प्रिय आजी,

शाळेत धावपळ आहे म्हणून चार ओळी. व्यायामाचं उत्तर अगदी साच्याप्रमाणे आहे. एकही ओळ इकडची तिकडे नाही. असंच लिहीत राहा, काळजी नको.

खारू

*

१४ मार्च

लाडक्या खारुताईस,

आज पापा नाही, कारण मी जरा रुसलेय. तुझ्यावर नाही, स्वतःवर.

सराव परीक्षा झाली. प्रश्न आला, वस्तीतून वाहने हळू का चालवावीत. मी म्हटलं, वाहन ही अमूल्य देणगी आहे, आणि अडकले. पुढे काही सुचेना. पाण्याचं जे जे पाठ केलं होतं ते वाहनाला लागू होईना. घाम फुटला. शेजारी बेकरीवाला भराभरा लिहीत होता, हे बघून तर आणखीच फुटला.

मग हाताला सवय होती तेच हातानं केलं. नवं पान घेतलं, उजव्या कोपऱ्यात तारीख टाकली आणि "लाडक्या खारुताईस" लिहिलं. आता हे वर्षानुवर्षांचं वळण, मला कळलंसुद्धा नाही. एकदा तुझं नाव लिहिल्यावर मात्र सगळं भराभर आलं. शेवटी "खोकल्याला जप" लिहून सही केली आणि पेपर दिला.

दुसऱ्या दिवशी मास्तर पेपर घेऊन माझ्या बाकापाशी आले. म्हणाले, "आजी, परीक्षकांना खोकला नसला तर?"

सगळा वर्ग हसला. बेकरीवाला तर इतका हसला की त्याची त्या दिवशीची झोप गेली. मीही हसले, पण वीसपैकी सहा पडलेत आणि परीक्षा मेमध्ये आहे. मास्तरांनी समासात लिहिलंय, "मधला भाग चांगला, पण हे पत्र आहे." तो कागद तुला पाठवतेय.

आज मोठ्या बाईंनी मला धुण्याची खोली दाखवली. सहज म्हणून. पण तिथे माझ्या उंचीला चालेल असं एक स्टूलही आणून ठेवलंय. त्या बिचाऱ्या चांगुलपणानं करतात गं, पण ते स्टूल बघून मी तडक बाळांच्या खोलीत परत आले.

आजी

*

३० मार्च

खारू,

तुझं पत्र नाही. टपालवाला आमच्या दारावरून नुसता जातो, मी त्याला आता टाळी वाजवून थांबवते. रागावलीस का? तुझं एवढं छान उत्तर मी वाया घालवलं, म्हणून? का तब्येत बरी नाही? एका ओळीचं लिही, साच्यात नसलं तरी चालेल.

आजी

*

४ एप्रिल

प्रिय आजी,

रागावले नव्हते. लाज वाटत होती.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात माझ्या वर्गाची परीक्षा झाली. सगळ्यांनी पाण्याचा साचा वापरला होता. शाळा ही अमूल्य देणगी, मैत्री ही अमूल्य देणगी, एकीनं तर डास ही अमूल्य देणगी लिहिलं. नावं झाकली तर कुठलं उत्तर कुणाचं हे मला सांगता येईना. दमलेला तपासनीस मी सांगते ना तुला, तो मीच होते आणि मला दमवलंही मीच होतं. हे तुला कुठल्या तोंडानं लिहू, म्हणून गप्प बसले.

मग तुझा तो सहा गुणांचा कागद पुन्हा काढला. त्यातलं हे वाच, तू लिहिलंयस: "गाडी हळू चालवावी, कारण मूल रस्त्यावर येताना रस्ता बघत नाही, चेंडू बघतं. मोठ्या माणसाला आपण सांगू शकतो की बघून चाल. दोन वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही. म्हणून बघायचं काम गाडीवाल्याचं." आजी, यात उत्तर आहे, कारण आहे आणि उदाहरण आहे. आणि हे तुझ्याशिवाय कुणी लिहिलं नसतं. मी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी तू केल्यास, फक्त मी शिकवलेल्या शब्दांत नाही.

तेव्हा पाठ केलेलं सगळं विसर. तारीख आणि खोकला कागदावर नको, पण लिहिताना समोर कुणीतरी हवंच. मी नको. माझ्याशी तू ऐसपैस बोलतेस, आणि मीही तुला अडवत नाही. असं माणूस शोध ज्याला तुझं उत्तर मनापासून हवंय पण अजिबात वेळ नाही.

तुझी खारू

*

१५ एप्रिल

लाडक्या खारुताईस,

दोन्ही गालांवर पापे, गुदगुल्या झाल्या तर होऊ देत.

माणूस सापडलं.

परवा दुपारी भोंगा पाळण्याच्या कठड्यावर आपटला आणि कपाळाला टेंगूळ आलं. काही विशेष नाही, गार फडकं ठेवलं, दूध प्यायला, खिदळायला लागला. पाच वाजता त्याची आई आली. तिची बस कोपऱ्यावर उभी असते, त्यामुळे ती एक पाय दारात आणि एक पायरीवर ठेवूनच बोलते. आमच्याकडे एक नवीन पोरगी मदतीला लागलीय, ती पुढे झाली आणि सांगायला लागली, "काय झालं ताई, दुपारी मी ना चादरी बदलत होते, तेवढ्यात..." इतकं ऐकूनच त्या आईच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ती पायरीवर खालीच बसली.

मी मधे पडले. म्हटलं, "बाळ ठीक आहे. कपाळाला टेंगूळ आलंय, बाकी काही नाही." मग सांगितलं ठीक कशावरून: रडला तो लगेच, दूध सगळं प्यायला, नंतर हाक मारल्यावर बघून हसतोय. मग सांगितलं आज घरी काय बघायचं, आणि उलटी झाली तर मात्र डॉक्टरकडे जायचं. तिनं बाळ घेतलं आणि बससुद्धा पकडली.

ती गेल्यावर मी तिथेच उभी. नवी पोरगी म्हणाली, "मावशी, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही गं, वीस गुणांचं उत्तर झालं."

रोज संध्याकाळी दारात मी हेच करते की. तू सांगतेस तेच. पण तू तपासणारा दमलेला असतो म्हणालीस ना, त्या दमलेल्या माणसाचा चेहरा मला दिसत नव्हता. आता त्याच्या जागी मी भोंग्याची आई उभी करते. तिला बस पकडायचीय. तिला पंखा उलटा कसा बसला ते नकोय. आणि तिला अमूल्य देणगी तर नकोच नको.

आता दुसरी बातमी. तुझ्या बाबाला कळलं. मी नाही सांगितलं. त्याला वाटलं आईच्या गुडघ्यांना काही झालं तर, म्हणून तो मला घ्यायला बागेत आला. मी नाही. सगळी बाग पालथी घातली. शेवटी बेकरीत विचारायला गेला, तर तिथला पोऱ्या म्हणाला, आमचे मालक आणि तुमची आई एका वर्गात आहेत. तो धापा टाकत वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहिला. काडीमास्तरांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबावं."

थांबला बिचारा. वर्ग सुटेपर्यंत मुलांच्या नळापाशी उभा होता.

वाटेत म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तू घरी बस म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो." मग माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. "केवढी जड आहे. यात काय दगड आहेत?"

"भूगोल आहे."

आता तो रोज ऑफिसातून आला की मला एक प्रश्न देतो आणि तुझी आई भाकऱ्या थापता थापता... नाही, आजोबांसारखंच हेही लांबेल. थांबते.

"लहान मुलांना गोष्टी का सांगाव्यात" यावर उत्तर पाठवलंय. लाल शाईनं तपास, नात म्हणून तपासू नकोस.

आजी

*

२१ एप्रिल

प्रिय आजी,

नात म्हणून तपासलं नाही. वीसपैकी तेरा.

सात कुठे गेले ते ऐक. सुरुवात उत्तम: "गोष्ट ऐकणारं मूल वाट बघायला शिकतं, म्हणून गोष्टी सांगाव्यात." मी वाचून थबकले. दुसरं कारणही चांगलं. तिसऱ्या परिच्छेदात बेकरीवाला आला. तो का आला हे त्यालाही माहीत नसावं. दोन गुण गेले.

मग तू लिहितेस, "हे तर सगळ्यांनाच माहीत आहे." भोंग्याची आई विचारेल, सगळ्यांना म्हणजे कुणाला? तू काय पाहिलंस ते सांग. तिथे दोन गेले.

उरलेले तीन सगळ्यात महत्त्वाचे. दारातली आई नुसती ऐकत नाही, मधेच "पण" म्हणते. पण त्याला ताप तर नाही ना, पण आधी असं झालं नव्हतं. तो "पण" तुझ्या उत्तरात कुठेच नाही. एखादा म्हणेल, गोष्टींनी मुलं स्वप्नाळू होतात. त्यालाही दारात उभा कर, त्याचं म्हणणं ऐकून घे आणि मग उत्तर दे. गप्प बसवू नकोस, पटवून दे.

शेवट मात्र मला आवडला. तेच तेच लिहिलं नाहीस, पुढे काय करायचं ते लिहिलंस.

दारातल्या आईची गोष्ट मी माझ्या वर्गाला सांगितली. आता पोरं एकमेकांना विचारतात, "बाळ ठीक आहे का ते आधी सांग." डासवाली मुलगी परवा आठ ओळींचं असं उत्तर घेऊन आली की मी ते फळ्यावर लावलं.

रोज एक लिही. घड्याळ लावून.

खारू

*

१६ मे

लाडक्या खारुताईस,

झाली परीक्षा. कशी झाली ते आधी सांगते: माझ्या मते चांगली झाली. आता बाकीचं.

तुझा बाबा मला स्कूटरवरून घेऊन गेला. वाटेत चार वेळा विचारलं, पेन घेतलं का. फाटकापाशी मला उतरवून तो म्हणाला, "आई, घाबरू नकोस," आणि स्वतःच स्कूटर बंद करायला विसरला. ती तशीच फटफटत उभी. मीच चावी फिरवली.

हॉल मोठा, बाकं आमच्या वर्गातल्यापेक्षा उंच, गुडघे सरळ आत गेले. ते मला फार बरं वाटलं. पुढे बेकरीवाला होता, चक्क जागा.

मोठा प्रश्न असा होता: तुमच्या भागातील एखादी सार्वजनिक सोय बंद करावी असे काहींचे म्हणणे आहे. ती चालू ठेवावी की नाही, ते कारणे देऊन लिहा.

पहिल्यांदा मनात पाळणाघरच आलं. पण मग मी रडगाणंच गायले असते. म्हणून दुपारची बस घेतली. आमच्याकडे ती बंद करा म्हणून काही लोक मागे लागलेत, दुपारी कुणी बसत नाही म्हणतात.

मी लिहिलं, दुपारची बस चालू ठेवावी, कारण तिच्यात माणसं कमी असली तरी त्यांना दुसरी बस नाही. मग कशावरून ते लिहिलं. मोठ्या दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी दुपारीच आटपते. सकाळच्या पाळीची माणसं दुपारीच सुटतात. मी स्वतः मागच्या सीटवर बसून बघितलंय की जाताना बस रिकामी दिसते आणि येताना उभं राहायलाही जागा नसते. जे लोक रिकामी म्हणतात ते तिला जातानाच बघतात, कारण येताना ते जेवून झोपलेले असतात. हे शेवटचं वाक्य मी खोडलं. खरं होतं, पण टोचत होतं.

मग "पण" आला. मी त्याला दारात घेतलं. लिहिलं की खर्च वाया जातो हे म्हणणं चुकीचं नाही, एवढी मोठी बस एका बाजूनं रिकामी पळवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून बस बंद करण्याऐवजी दुपारी लहान बस सोडावी आणि दवाखान्याच्या वेळा विचारून तिची वेळ ठरवावी.

बसमध्ये तुझे आजोबा दोनदा चढायला आले. त्यांना म्हटलं, तुम्ही मागाहून या.

वेळ संपायच्या आधी माझं लिहून झालं. मी पेन खाली ठेवलं आणि हाताकडे बघत बसले. बोटाला शाई लागली होती. घरी आल्यावर तुझ्या आईनं साबण दिला, मी म्हटलं राहू दे आजचा दिवस.

आता नुसती वाट बघणं आहे. स्टूल अजून त्या खोलीत आहे. मी तिकडे बघत नाही.

आजी

*

२३ मे

प्रिय आजी,

बसचं उत्तर मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. आमचे मुख्याध्यापक सहसा कशालाच चांगलं म्हणत नाहीत. ते म्हणाले, "या बाई नगरपालिकेत कामाला आहेत का?"

मी गुण देणार नाही. या वेळी मला नात म्हणूनच राहायचंय. निकाल लागला की कुणाच्या तरी फोनवरून कळव म्हणणार होते, पण नको, पत्रच लिही.

खारू

*

२४ जून

लाडक्या खारुताईस,

पास झाले. मोठ्या उत्तराला वीसपैकी अठरा, आमच्या केंद्रात सगळ्यात जास्त.

आता तू हवं तेवढं नाच, मी थांबते.

निकाल शाळेच्या भिंतीवर लावला होता. तुझा बाबा म्हणाला, मी बघतो, तू गर्दीत नको. मी म्हटलं, परीक्षा मी दिली, गर्दीही मीच बघते. काडीमास्तर आधीच तिथे होते. मला बघून ते यादीत माझ्या नावावर बोट ठेवून उभे राहिले, मी येऊन पोचेपर्यंत. मी त्यांना म्हटलं, "उद्यापासून माझ्याकडे जेवायला यायचं, तुम्ही काही खात नाही." ते म्हणाले, "आजी, हे विषयाला सोडून आहे." पण येणार आहेत.

बेकरीवालाही पास झाला. त्याला मोठ्या उत्तरात अकरा पडले. त्यानं लिहिलं होतं की माझी बेकरी चालू ठेवावी. तुझ्या बाबानं त्याला विचारलं, पण बेकरी कोण बंद करतंय? तो म्हणाला, "कुणी नाही, पण आधी सांगून ठेवलेलं बरं." भट्टीतून काढलेले पाव त्यानं सगळ्या वर्गाला वाटले आणि पहिला मला दिला, तळहात भाजेल इतका गरम.

तुझी आई दाखला बघून रडली. मग म्हणाली, "आता दाखला भिंतीवर लावू या." मी म्हटलं, भिंतीवर नंतर, आधी तो मोठ्या बाईंच्या टेबलावर जाऊ दे.

सोमवारी गेले. मोठ्या बाईंनी दाखला हातात घेतला, चष्मा शोधला, मी त्यांच्या डोक्यावरून काढून दिला. त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला. मग उठल्या, मला घेऊन बाळांच्या खोलीपाशी आल्या आणि दारावरच्या पाटीवर खडूनं नाही, रंगानं लिहायला माणूस बोलावला. तो विचारत होता, नावापुढे काय लिहू, मावशी की बाई? मी म्हटलं, "मावशीच लिही, बाळं बाई म्हटलं की घाबरतात." मोठ्या बाई म्हणाल्या, "त्याच्याखाली 'खोलीप्रमुख' लिही. मोठ्या अक्षरात."

रंग ओला होता तोवर आत भोंगा उठला. मी आत गेले, त्याला उचललं. त्याला काय पाटीचं. त्यानं माझं नाक धरलं.

तपासणीला मंडळी आली ती काल. एक बाई, हातात फाइल, तोंड आंबट. तिनं विचारलं, या खोलीची प्रमुख कोण, आणि शिक्षण किती? मोठ्या बाई उत्तर द्यायला निघाल्या, पण मीच म्हटलं, "मी. आठवी पास, याच वर्षी." तिनं फाइलीतून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, पांढऱ्या केसांकडे बघितलं, आणि इतकं छान हसली की मला ती आवडूनच गेली. म्हणाली, "मग आता पुढे काय?"

त्याचं उत्तर मी तिला तिथल्या तिथे दिलं, आणि आता तुला देते. दहावीचा अर्ज भरलाय. तुझ्या बाबानं पिशवीही मोठी आणलीय. तेव्हा तुझ्याकडची इतिहासाची पुस्तकं पाठव, आणि कुठला राजा कुणाचा मुलगा हे एका कागदावर लिहून दे, कारण ते सगळे मला एकाच पाळण्यात झोपवल्यासारखे वाटतात.

तुझी आजी (इयत्ता दहावी)